जनावरांचा वजनकाटा: उमरग्याच्या काळ्या मातीत तो बसवायचा कसा आणि वापरायचा कसा?

जनावरांच्या बाजारात एक दृश्य हमखास दिसतं. दोन माणसं हातात हात देतात, वरून रुमाल किंवा उपरण्याचं टोक टाकलं जातं आणि आत बोटांच्या खुणांनी भाव सुरू होतो. बाजूला उभा असलेला माणूस फक्त चेहरे बघत राहतो. मराठवाड्यात उदगीर तालुक्यातला हाळी-हंडरगुळीचा बाजार असो, नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा असो किंवा एखाद्या तालुक्याचा आठवडी बाजार असो, दात बघितले जातात, चाल बघितली जाते, पाठीवरून हात फिरवला जातो. एवढं सगळं होतं, पण जनावराचं वजन किती, हे सहसा कुणीच मोजत नाही.

सोयाबीन किलोवर जातं. ऊस टनावर जातो. दूध लिटरवर आणि फॅटवर जातं. मग घरातली सगळ्यात महागडी चीज असलेलं जनावर अंदाजावर का जातं? आणि हा अंदाज चुकला, तर नुकसान कुणाचं होतं?

धाराशिव जिल्ह्याच्या टोकाला, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आणि कर्नाटकाच्या हद्दीजवळ असलेल्या उमरगा तालुक्यासाठी हा प्रश्न अगदी घरचा आहे. कारण या पट्ट्यात उस्मानाबादी शेळी आहे, देवणी आणि लाल कंधारी गाय-बैल आहेत आणि पावसाचा भरवसा नाही. पीक हातचं गेलं की दावणीचं जनावर विकूनच घर सावरावं लागतं.

नजरेचा अंदाज कुणाच्या बाजूनं झुकतो?

जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण शेळीच्या जातीचं नाव उस्मानाबादीच राहिलं. बहुतेक काळ्या रंगाची, जुळी करडं देणारी, कोरडवाहू भागात तग धरणारी अशी ही शेळी. पूर्ण वाढलेल्या उस्मानाबादी शेळीचं वजन साधारण ३० ते ३५ किलो भरतं. घरात ती सांभाळण्याचं काम बहुतेक वेळा बाईकडेच असतं, आणि विकायची वेळ आली की व्यापारी दारात येऊन नगावर भाव सांगतो.

आता हिशोब करू. समजा, जिवंत वजनाचा भाव किलोला ४०० रुपये चालला आहे. बोकड प्रत्यक्षात ३४ किलोचा आहे, पण व्यापारी म्हणाला "३१ भरेल", आणि घरच्यांनाही ते पटलं. तीन किलोचा फरक म्हणजे १,२०० रुपये गेले. वर्षाला असे चार बोकड विकले, तर ४,८०० रुपये.

इथं व्यापारी फसवतोच असं नाही. पण त्याच्या हाताखालून वर्षाला शेकडो शेळ्या जातात आणि त्यातल्या कित्येकांचं मटण तो नंतर तोलतो. त्याची नजर रोज तपासली जाते. पाळणारीच्या हातून वर्षाला तीन-चार नग जातात आणि त्यांचं खरं वजन तिला कधीच कळत नाही. त्यामुळे तिचा अंदाज सुधारायला संधीच मिळत नाही. काट्यानं बदलतं ते एवढंच, की जो आकडा एकालाच माहीत असतो, तो दोघांनाही दिसतो.

गाय-बैल किलोवर विकत नाहीत, मग त्यांचं वजन कशाला?

प्रश्न बरोबर आहे. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासून बंदी होती, मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर बैल आणि वळूंनाही ती लागू झाली. त्यामुळे इथं गाय विकली जाते दुधावर आणि बैल विकला जातो कामावर. तरीही वजनाचा आकडा चार ठिकाणी लागतोच.

पहिलं, औषध. जंतनाशक असो की गोचिडावरचं इंजेक्शन, मात्रा किलोवर ठरते. उदाहरणार्थ, आयव्हरमेक्टिनच्या १ टक्का इंजेक्शनची नेहमीची मात्रा ५० किलो वजनाला १ मिली असते. गाय ३८० किलोची आहे आणि अंदाज ३०० किलोचा धरला, तर ७.६ मिलीच्या जागी ६ मिली औषध जातं. असं वारंवार कमी औषध गेलं की जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. पुढे तेच औषध लागू पडेनासं होतं. कोणतं औषध द्यायचं, गाभण जनावराला चालतं का आणि त्यानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही, हे पशुवैद्यकानंच सांगायचं. पण "वजन किती?" या त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मालकाकडे हवं.

दुसरं, चारा. मोठ्या जनावराला रोज त्याच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन टक्के कोरडा चारा लागतो. इथं कोरडा म्हणजे पाण्याचा अंश वजा केल्यावर उरणारा. ४०० किलोच्या गाईला असा १० ते १२ किलो लागतो. हिरव्या मक्यात किंवा गवतात जवळपास चार हिस्से पाणीच असतं, तर कडब्यात पाणी अगदी थोडं. म्हणून २० किलो हिरवा चारा आणि साडेसहा किलो कडबा दिला, की १० किलोचं गणित जमतं. दुष्काळात छावणीत जनावरांची नोंद "मोठं" आणि "लहान" अशा दोनच गटांत होते, कारण तिथं घाई असते. घरच्या गोठ्यात तशी घाई नाही. कडबा महाग झालेल्या वर्षी कुणाला किती टाकायचा, हे वजनावरूनच ठरवता येतं.

तिसरं, वासरू. जन्मलेल्या वासराला दिवसाला त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका चीक मिळायला हवा, आणि पहिला चीक जन्मानंतर एक-दोन तासांतच पोटात जायला हवा. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. पुढे संकरित कालवड रेतनासाठी तयार झाली का, हेही वयापेक्षा वजनावर जास्त ठरतं. साधारण २५० किलोचा टप्पा त्यासाठी धरला जातो.

चौथं, आजाराची चाहूल. जनावर बोलत नाही, पण महिन्याला घटणारं वजन बोलतं. खाणं नीट चाललेलं दिसतं आणि वजन मात्र उतरतंय, तर जंत, दात किंवा आतला एखादा आजार असू शकतो. डोळ्याला हे दिसेपर्यंत बरेच दिवस गेलेले असतात.

कोणता काटा घ्यायचा?

इथं सगळ्यात मोठी चूक होते. लोक फक्त क्षमता विचारतात, "किती किलोपर्यंत तोलतो?" त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारायलाच हवा: आकडा किती किलोच्या टप्प्यानं बदलतो?

शेळ्या-मेंढ्यांसाठी १०० किलोचा आणि ५० ग्रॅमच्या टप्प्याचा काटा पुरतो. गाई-म्हशींसाठी १,००० ते १,५०० किलोचा आणि ५०० ग्रॅमच्या टप्प्याचा काटा चालतो, कारण देवणी बैलही ५०० किलोच्या वर जाऊ शकतो. पण तोच मोठा काटा शेळीला वापरला, तर? ५०० ग्रॅमच्या टप्प्यात अलीकडे-पलीकडे पाव किलोचा फरक सहज लपतो. ४०० रुपये भावानं ते शंभर रुपये झाले.

मग महामार्गाच्या कडेचे भुईकाटे आहेतच की, असं कुणीही म्हणेल. ऊस आणि सोयाबीनच्या गाड्या तोलायला ते उत्तमच आहेत. पण ६० टनांच्या भुईकाट्याचा टप्पा साधारण १० किलोचा असतो, आणि नियमाप्रमाणे अशा काट्याचं किमान वजन टप्प्याच्या वीसपट, म्हणजे २०० किलो धरलं जातं. त्यावर ३३ किलोची शेळी उभी केली, तर आकडा ३० दाखवेल किंवा ४०. तो वजनाचा आकडा म्हणून धरताच येत नाही. एकट्या गाईसाठीही हा काटा ढोबळच.

हाच नियम लहान काट्यालाही लागतो. ५०० ग्रॅम टप्प्याच्या काट्यावर १० किलोच्या आतलं काही तोलू नये. नुकतंच जन्मलेलं करडू तर नाहीच. करडासाठी सोपी युक्ती अशी: घरातल्या किंवा दवाखान्यातल्या माणसं तोलायच्या काट्यावर आधी एकट्यानं उभं राहायचं, मग करडू उचलून घेऊन उभं राहायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे करडाचं वजन. काटा टप्प्यानं मोठा असेल तर इथंही थोडं इकडंतिकडं होतं, पण डोळ्याच्या अंदाजापेक्षा ते बरं.

मोठा काटा एकट्या शेतकऱ्याला परवडणं अवघड. म्हणून बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा ग्रामपंचायत यांनी गावात एक काटा घेणं हा जास्त व्यवहारी मार्ग आहे.

काट्याच्या पोटात काय असतं?

बाहेरून दिसतो तो लोखंडी पाट, बाजूचे कठडे, पुढंमागं दोन दारं आणि आकडे दाखवणारा डबा. खरं काम करतात ते पाटाच्या चार कोपऱ्यांखालचे चार लोडसेल.

लोडसेल म्हणजे धातूचा एक घडवलेला तुकडा. त्यावर वजन आलं की तो अगदी किंचित, डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो. त्याला चिकटवलेली बारीक पट्टी त्याबरोबर ताणली जाते आणि तिचा विद्युत रोध बदलतो. चारही कोपऱ्यांचे हे बदल एका जोडपेटीत एकत्र येतात आणि डबा त्याचा किलोत आकडा करतो.

यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. लोडसेल मोकळेपणानं वाकायला हवा. पाटाखाली शेण, खडा किंवा चिखल अडकला, तर वजनाचा काही भार त्या खड्यावर जातो आणि आकडा कमी दिसतो. आणि लोडसेलची ताकद मर्यादित असते. बैलानं पाटावर उडी घेतली किंवा ट्रॅक्टरचं चाक चढलं, तर तो कायमचा वाकडा होतो. तो परत सरळ होत नाही, बदलावाच लागतो.

बसवताना: खरी परीक्षा काळ्या मातीची

शहरातल्या फरशीवर काटा ठेवला की झालं. उमरग्याकडे तसं नाही. इथली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. घरांच्या भिंती ज्या कारणानं तडकतात, त्याच कारणानं काटाही बिघडतो. जूनमध्ये समतल बसवलेला काटा जानेवारीत एका कोपऱ्यानं खाली गेलेला असू शकतो.

म्हणून जागा करताना वरची काळी माती काढून टाकायची, मुरूम भरून तो पाणी मारत नीट दाबायचा आणि त्यावर सळई टाकून काँक्रीटचा कोबा करायचा. कोबा काट्यापेक्षा चहूबाजूंनी मोठा असावा, म्हणजे आत-बाहेर जाताना जनावराचा पाय मातीवरून थेट पाटावर पडणार नाही. पाणी बाहेर जाईल असा उतार कोब्याच्या कडेला द्यायचा, काट्याखाली नाही. काट्याचे चारही पाय टेकतील ती जागा पाणसळ लावून समतल हवी. एक पाय जरी अधांतरी राहिला, तरी पाट डुगडुगतो आणि आकडा स्थिर होत नाही.

पुढच्या गोष्टी लहान वाटतात, पण काटा बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच बिघडतो:

• वर पत्र्याचं छप्पर हवं. साधारणपणे असे काटे उणे १० ते ४० अंश तापमानासाठी प्रमाणित असतात. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात तापलेला लोखंडी पाट ही मर्यादा सहज ओलांडतो आणि शून्य सरकत राहतं.

• तारा लोखंडी नळीतून न्याव्यात. धान्य आणि पेंड असलेल्या गोठ्यात उंदीर असतातच.

• काट्याला नीट अर्थिंग द्यावं. विजांचा कडकडाट सुरू झाला की डब्याचा प्लग काढून ठेवावा.

• काट्याच्या पाटावर किंवा कठड्यावर वेल्डिंग करायचं असेल, तर आधी लोडसेल काढावेत. वेल्डिंगचा प्रवाह लोडसेलमधून गेला की तो जळतो.

• पाटावर रबरी चटई अंथरावी. खूर घसरला की जनावर दुसऱ्यांदा काट्यावर चढत नाही.

• कठड्याच्या बाजू खालून बंद असाव्यात. बाजूला माणसं, कुत्री किंवा हलणाऱ्या सावल्या दिसल्या की जनावर बुजतं.

काटा खरा आहे का, हे कसं ओळखायचं?

उसाच्या पट्ट्यात "काटा मारला" हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. पण काटा चुकायला दर वेळी कुणी तो मारावाच लागतो असं नाही. न तपासलेला काटा आपोआप चुकतो. तपासणीच्या चार पायऱ्या आहेत आणि त्या कुणालाही करता येतात.

१. शून्य. काटा सुरू करून दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवावा. रिकाम्या पाटावर आकडा शून्य हवा. चटई, शेण, ओला चारा हे सगळं शून्यात धरलं जातं, म्हणून प्रत्येक जनावरानंतर पाट झाडून शून्य बघायचं. जुन्या तराजूत पासंग बघायचे, तसंच हे.

२. कोपरे. शिक्का असलेली २० किलोची लोखंडी वजनं घ्यावीत. तीच वजनं आधी एका कोपऱ्यावर, मग दुसऱ्या, असं चारही कोपऱ्यांवर ठेवून बघावीत. आकडा सगळीकडे सारखाच यायला हवा. एक कोपरा कमी-जास्त दाखवत असेल, तर जनावर पुढं सरकलं की वजन बदलणार.

३. पुन्हा पुन्हा. तेच वजन तीनदा चढवून-उतरवून बघायचं. तिन्ही वेळा तोच आकडा आणि मध्ये शून्यही तेच.

४. मोठं वजन. काटा २०० किलोला बरोबर असला, म्हणून ४०० किलोला बरोबर असेलच असं नाही. पण ४०० किलोची शिक्क्याची वजनं आणायची कुठून? यावर एक जुनी युक्ती आहे. आधी २०० किलोची खरी वजनं ठेवून आकडा टिपायचा. मग ती उतरवून वाळूची पोती ठेवत जायचं, नेमका तोच आकडा येईपर्यंत. आता पोत्यांवर ती खरी वजनं पुन्हा ठेवली, की ४०० यायला हवेत.

खताच्या गोणीनं काटा तपासायचा मोह टाळावा. युरियाची गोणी ५० किलोची असते, असं अजूनही अनेक जण धरून चालतात, पण २०१८ पासून ती ४५ किलोची झाली आहे. शिवाय भरलेल्या गोणीत ओल येते, गळती होते.

किती फरक चालतो, याचंही प्रमाण ठरलेलं आहे. ५०० ग्रॅम टप्प्याच्या, मध्यम अचूकतेच्या काट्याला पडताळणीच्या वेळी २५० किलोपर्यंत पाव किलोची आणि त्यापुढे १,००० किलोपर्यंत अर्ध्या किलोची चूक मान्य असते. वापरात असलेल्या काट्याला याच्या दुप्पट. म्हणजे ४०० किलोच्या गाईमागे जास्तीत जास्त एक किलो.

आणखी एक गंमत. काटा जिथं वापरायचा, तिथंच तो जुळवून घ्यायला हवा. पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्ताच्या जवळ आणि उंचावर ती किंचित कमी होते. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच उमरग्यात आणून लावला, तर ४०० किलोमागे जवळपास ३५० ग्रॅम कमी दाखवेल.

जनावर काट्यावर चढतं कसं?

ओढून नाही. पहिल्या वेळी जनावर काट्याला घाबरतंच, कारण पाटाचा आवाज पोकळ येतो. आधी दोन-तीन दिवस दोन्ही दारं उघडी ठेवून, पुढं थोडी पेंड ठेवून त्याला नुसतंच आरपार जाऊ द्यावं. दवाखान्यातल्या खोड्याची धास्ती असलेल्या जनावराला हा वेळ जास्त लागतो. रोजच्या ओळखीच्या माणसानं कासरा धरून पुढं चालावं, मागून एकानं शांतपणे हाकावं. शेपूट पिरगाळणं, काठी मारणं यानं जनावर उड्या मारतं आणि आकडाही.

चारही पाय पाटावर आहेत, अंग कठड्याला टेकलेलं नाही, कासरा सैल आहे आणि कुणाचा हात पाठीवर नाही, एवढं बघायचं. ओढून धरलेला कासरा काही किलो सहज कमी-जास्त करतो. आकडा नाचत असेल, तर "होल्ड"चं बटण वापरावं. ते काही सेकंदांच्या आकड्यांची सरासरी काढून एक आकडा थांबवतं. हे बटण नसलेला साधा प्लॅटफॉर्म काटा जनावरांसाठी घेऊ नये.

शेळीला टांगून तोलायचं असेल, तर पोटाखालून झोळी घालून तोलावं. पाय बांधून उलटं टांगणं क्रूरही आहे आणि धडपडीमुळे आकडाही खरा येत नाही.

वजन कधी घ्यायचं?

एकच गाय सकाळी आणि संध्याकाळी तोलली, तर वीस-पंचवीस किलोचा फरक येऊ शकतो. काटा बिघडलेला नसतो. गाय हौदावर एका दमात बादल्याच्या बादल्या पाणी पिते, आणि लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. पोटातला चाराही त्यात आला. म्हणून वजन नेहमी एकाच वेळी घ्यावं: सकाळी, धार काढल्यावर, चारा-पाण्याच्या आधी.

विक्रीतली चलाखी इथंच होते. बाजाराच्या आदल्या दिवशी मीठ चारून शेळीला भरपूर पाणी पाजलं, की वजन वाढतं. घेणाऱ्यानं शेळीचं फुगलेलं पोट बघावं आणि शक्य असेल तर काही तास थांबून तोलावं. उलट, लांबून गाडीत उभं राहून आलेलं जनावर शेण-मूत टाकून हलकं झालेलं असतं. तिथं विकणाऱ्याचं नुकसान होतं. म्हणून कुठं, कधी आणि किती तासांच्या उपाशीपोटी तोलायचं, हे भाव ठरवतानाच बोलून घ्यावं.

काटा नसेल तर?

तेव्हा शिवणकामाची टेप कामाला येते. जनावर सपाट जागी सरळ उभं करायचं. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजायचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागं ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी मोजायची. दोन्ही मापं इंचात घ्यायची. छातीचा घेर गुणिले छातीचा घेर गुणिले लांबी, आणि या सगळ्याला ६६० नं भागायचं. उत्तर किलोत येतं. याला शेफरचं सूत्र म्हणतात.

गाईचा घेर ६० इंच आणि लांबी ५४ इंच असेल, तर वजन साधारण २९५ किलो. शेळीचा घेर ३० आणि लांबी २६ असेल, तर साधारण ३५ किलो.

पण टेपला मर्यादा आहेत. त्याच गाईचा घेर चुकून ६२ इंच मोजला, तर उत्तर ३१४ किलोच्या पुढं जातं. दोन इंचांनी वीस किलोंचा फरक. गाभण जनावर, लांब केस, वाकडं उभं राहणं यांनीही फरक पडतो. म्हणून टेपचा आकडा औषधाच्या आणि चाऱ्याच्या अंदाजाला चालतो, सौद्याला नाही. गावात काटा उपलब्ध असेल, तर आपली पाच-सहा जनावरं दोन्ही पद्धतींनी मोजून टेप किती चुकते, हे एकदा बघून ठेवावं.

कायदा काय सांगतो?

काटा फक्त घरच्या नोंदीसाठी असेल, तर त्याला सरकारी शिक्का लागत नाही. पण त्यावर खरेदी-विक्री होणार असेल, तर वैधमापन अधिनियम २००९ लागू होतो. अशा काट्याचं मॉडेल मान्यताप्राप्त हवं आणि वैधमापन शास्त्र विभागाच्या निरीक्षकाकडून त्याची पडताळणी होऊन शिक्का लागलेला हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची ही पडताळणी दर १२ महिन्यांनी करावी लागते. दुरुस्ती करताना सील तुटलं, तर पुढची तारीख यायची वाट न बघता पडताळणी पुन्हा करून घ्यावी लागते.

म्हणून विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानंही काट्यावर चढवण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात: सील शाबूत आहे का, पडताळणीचं प्रमाणपत्र चालू वर्षाचं आहे का आणि रिकाम्या काट्यावर शून्य आहे का. हे विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही. तो ग्राहकाचा हक्कच आहे.

शेवटचं काम वहीचं

वजन घेतलं आणि विसरलं, तर काट्याचा अर्धा उपयोग वाया गेला. गाई-म्हशींच्या कानात आता १२ अंकी बिल्ला असतो. एका वहीत तो क्रमांक, तारीख, वेळ आणि वजन एवढंच लिहिलं, तरी पुरे. शेळ्यांना घरचा नंबर द्यावा. वासरं-करडं महिन्याला तोलावीत, मोठी जनावरं दोन-तीन महिन्यांनी आणि प्रत्येक जंतनाशकाच्या आधी.

करडू महिन्यापूर्वी १२.५ किलोचं होतं आणि ३० दिवसांनी १४.६ किलोचं झालं, म्हणजे दिवसाला ७० ग्रॅम वाढ. शेजारचं करडू त्याच चाऱ्यावर दिवसाला ३० ग्रॅमच वाढतंय, तर त्याच्यात काहीतरी कमी आहे. मग १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करायचा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवायचं, आणि दाखवताना ही वही सोबत न्यायची.

पुढच्या वेळी व्यापारी दारात येऊन "३१ भरेल" म्हणेल, तेव्हा त्याच्याशी वाद घालायची गरज पडणार नाही. वहीत गेल्या आठवड्याच्या तारखेपुढं ३४ लिहिलेलं असेल, आणि काटा गावातच असेल. दोघांनी मिळून बोकड पुन्हा त्यावर चढवायचा.